उभ्या झाडाचें मोल

सोन्याचा दागिना विकावयाचा असला म्हणजे मनुष्य तो आधीं कांट्यावर घालतो. धान्य विकतांना तो मापानें मोजून देतो व कापूस विकतांना वजन करवितो. परंतु बांधावरचें सागाचें झाड विकावयाचें असलें, म्हणजे आपल्याकडील पुष्कळ शेतकरी माप किंवा वजन यांपैकीं कशाचाच विचार करीत नाहींत. व्यापारी झाडाकडे पाहून जो आंकडा बोलेल, त्यावर थोडी घासाघीस करून उक्ता सौदा ठरतो. व्यापारी रोज लांकूड घेतो व विकतो. त्याच्या डोळ्याला संवय झालेली असते. शेतकरी जन्मांत एकदोन वेळांच झाड विकतो. अशा सौद्यांत नुकसान बहुधा कोणाचें होतें, हें निराळें सांगावयास नको.

जी गोष्ट एका झाडाची तीच मोठ्या अरण्याची. अरण्यांत लांकूड किती उभें आहे व दरसाल किती वाढतें हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास तें किती तोडावें हेंही कळणें शक्य नाहीं. म्हणून उभ्या लांकडाचा अंदाज कसा करितात, त्याची किंमत कशी ठरते, आणि या मोजणीचा अरण्याच्या रक्षणाशीं काय संबंध आहे, या तीन गोष्टी प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. यांत लागणारें गणित शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या भूमितीच्या पलीकडचें नाहीं.

प्रथम घेर घेऊं. झाडाचा घेर अगदीं बुंध्याशीं मोजीत नाहींत, कारण तेथें मुळांच्या जोरानें खोड फुगलेलें असतें. तो मोठ्या मनुष्याच्या छातीइतक्या उंचीवर मोजावा असा नियम आहे. आपल्या देशांत ही उंची जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट, धरितात. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूकडून ही उंची घ्यावी. वेल, शेवाळ किंवा सुटलेली साल मध्यें येत असेल तर ती आधीं दूर करावी, आणि टेप खोडाला आडवा व घट्ट बसवावा. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून ती पट्टीवर मोजिली तरी चालतें.

नंतर उंची. झाडावर चढण्याचें कारण नाहीं. उन्हांत एक मीटर लांबीची काठी सरळ उभी करावी व तिची सांवली मोजावी. त्याच वेळीं झाडाचीही सांवली मोजावी. काठीची सांवली ०.८ मीटर आणि झाडाची सांवली १४.४ मीटर भरली, तर १४.४ ला ०.८ नें भागून झाडाची उंची १८ मीटर येते. समरूप त्रिकोणांच्या बाजू प्रमाणांत असतात हा सिद्धांत येथें उपयोगीं पडतो. मात्र जमीन सपाट पाहिजे. आभाळ आलें असेल तर कंपासपेटींतील ४५ अंशांचा गुण्या डोळ्याशीं धरावा, आणि त्याच्या तिरक्या कडेवरून झाडाचा शेंडा दिसेपर्यंत मागें सरावें. शेंडा दिसला कीं झाडापासूनचें आपलें अंतर अधिक आपल्या डोळ्यांची उंची इतकी झाडाची उंची होते. व्यापाराच्या दृष्टीनें मात्र शेंड्यापर्यंतच्या उंचीपेक्षां पहिल्या मोठ्या फांदीखालचें सरळ खोड किती आहे हें अधिक महत्त्वाचें असतें. तीही उंची याच रीतीनें काढितां येते.

आतां घनफळ. समजा, एका सागाचें फांदीखालचें सरळ खोड ६ मीटर लांब आहे आणि त्याच्या मध्यावर घेर १२० सेंटिमीटर, म्हणजे १.२ मीटर, आहे. घेराच्या वर्गास १२.५७ नें, म्हणजे पायच्या चौपटीनें, भागिलें असतां छेदाचें क्षेत्रफळ मिळतें, आणि त्यास लांबीनें गुणिलें म्हणजे घनफळ येतें. या उदाहरणांत तें सुमारें ०.६९ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २४ घनफूट, भरतें.

परंतु लांकूडबाजारांत हा हिशेब चालत नाहीं. तेथें चौथाई घेराची रीत रूढ आहे. घेराचा चौथा भाग घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा व त्यास लांबीनें गुणावयाचें. वरील खोडाचा चौथाई घेर ०.३ मीटर, त्याचा वर्ग ०.०९, त्यास ६ नें गुणिलें कीं ०.५४ घनमीटर, म्हणजे सुमारें १९ घनफूट. एकाच खोडाच्या दोन मापांत शेंकडा साडेएकवीसांचें अंतर पडलें. या रीतींत मुळांत कपट नाहीं. गोल ओंडका करवतीखालीं चौरस करितांना कडेचें लांकूड वायां जातें. त्याची सूट म्हणून ही रीत पडली. मात्र भाव कोणत्या मापाचा बोलला जात आहे, हें विकणाऱ्यानें आधीं विचारून घेतलें पाहिजे. भाव पूर्ण घनफळाचा बोलावयाचा आणि माप चौथाईचें घ्यावयाचें, असें झालें तर विकणाऱ्याच्या लांकडाचा पंचमांशाहून अधिक भाग फुकट जातो, आणि त्यास त्याचा पत्ताही लागत नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, उभ्या झाडाच्या मध्यावरचा घेर मोजावयाचा कसा? खोड वर निमुळतें होत जातें, म्हणून छातीजवळचा घेर सबंध लांबीस लावितां येत नाहीं. या अडचणीवर वनशास्त्रज्ञांनीं घनफळाचीं कोष्टकें हा उपाय काढिला. एकाच जातीचीं अनेक झाडें पाडून, त्यांचे तुकडे करून, प्रत्येक तुकडा मोजून, अमुक घेराच्या व अमुक उंचीच्या झाडांत सरासरीनें किती लांकूड असतें हें ठरवितात. एकदां कोष्टक तयार झालें म्हणजे उभ्या झाडाचा घेर व उंची घेऊन त्यांत घनफळ पाहतां येतें. देहरादून येथें १९०६ सालीं स्थापन झालेल्या वनसंशोधन संस्थेनें आपल्या देशांतील अनेक जातींच्या झाडांसाठीं अशीं कोष्टकें केलीं आहेत. सागाचें कोष्टक ऐनाला किंवा सालवृक्षाला चालत नाहीं, आणि सुपीक दरींतल्या सागाचें खडकाळ माळावरच्या सागाला नीट लागू पडत नाहीं, एवढें मात्र ध्यानांत ठेवावें.

घनफळ कळलें म्हणजे झाड कळलें असें नाहीं. बाहेरून भव्य दिसणाऱ्या झाडाचा गाभा कुजलेला असूं शकतो. जाणते लोक कुऱ्हाडीच्या तुंब्यानें खोडावर ठोकून आवाज ऐकतात. पोकळ खोडाचा आवाज वेगळा येतो. मोडलेल्या फांदीचें जुनें भोंक, बुंध्याशीं वणव्यानें जळलेली जागा, खोडावर उगवलेली अळिंबी, या आंतील किडीच्या खुणा होत. खोडाला पीळ असेल किंवा गांठी फार असतील तर फळ्या चांगल्या निघत नाहींत. हीं सर्व वैगुण्यें पाहून घनफळांतून योग्य ती वजावट करावी लागते.

जाडीचाही किंमतीशीं मोठा संबंध आहे. लांबी तीच राहून घेर ६० सेंटिमीटरांवरून १२० झाला, तर लांकूड दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. कारण घनफळ घेराच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. शिवाय जाड खोडांत टिकाऊ गाभ्याचा भाग अधिक व कडेच्या पांढऱ्या लांकडाचा भाग कमी असतो, आणि फळ्या रुंद निघतात. म्हणून जाड ओंडक्याला दर घनफुटामागें भावही जास्त मिळतो. अडचणीच्या वेळीं कोवळा साग विकणारा शेतकरी चालू वर्षाचें थोडें घेऊन पुढील वीस वर्षांचें पुष्कळ सोडून देतो. उलट, फार म्हातारें झालेलें झाड सांवकाश वाढतें व त्यास पोकळी धरण्याचें भय असतें. तेव्हां झाड केव्हां काढावें हाही हिशेबाचाच प्रश्न आहे.

आतां किंमत. उभ्या झाडाची किंमत म्हणजे वखारींतील लांकडाची किंमत नव्हे. समजा, एका झाडाचे सर्व ओंडके वखारींत ३०,००० रुपयांस विकले जातील. (हे आंकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत, बाजारभाव जागोजाग व वेळोवेळीं बदलतात.) त्यांतून तोडणी व कापणी यांचे २,५००, ओंडके रस्त्यापर्यंत ओढण्याचे २,०००, गाडीभाड्याचे ४,५००, वखारखर्चाचे १,००० आणि व्यापाऱ्याचा नफा व जोखीम यांचे ४,००० रुपये वजा करूं. एकूण वजावट १४,००० झाली. बाकी राहिलेले १६,००० रुपये ही उभ्या झाडाची वाजवी किंमत होय. हेंच झाड रस्त्यापासून दूर, नाल्यापलीकडे उभें असतें, तर ओढाईचा खर्च वाढून मालकाच्या हातीं कमी रक्कम आली असती. म्हणजे दोन सारखींच झाडें निराळ्या जागीं उभीं असल्यास त्यांची किंमत निराळी होते. व्यापारी कमी आंकडा सांगतो तेव्हां तो प्रत्येक वेळीं फसवीतच असतो असें नाहीं. परंतु कोणता खर्च किती धरिला हें त्यास विचारण्याचा विकणाऱ्यास हक्क आहे, आणि ज्यानें स्वतः झाड मोजिलें आहे त्यासच तें विचारतां येतें.

येथें पालकांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. झाड आपल्या मालकीच्या जमिनींत असलें तरी साग वगैरे अनुसूचींतील झाडें महाराष्ट्रांत १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याप्रमाणें परवानगीवांचून तोडितां येत नाहींत, आणि तोडलेला माल हलविण्यास वाहतूक परवाना लागतो. सौदा ठरविण्यापूर्वीं वनखात्याच्या कचेरींत चौकशी करणें शहाणपणाचें होय.

एका झाडाची गोष्ट येथवर झाली. आतां ज्या अरण्यांत लाखों झाडें आहेत त्याकडे वळूं. आपल्या देशांत ही मोजणी आवश्यक कां झाली, याचा इतिहास बोधप्रद आहे. सागाच्या लांकडास समुद्राचें पाणी फारसें बाधत नाहीं, म्हणून जहाजांसाठीं त्याला फार मागणी असे. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं १८१७ सालीं सागवानाची बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडांत हार्टलपूल येथें अजून पाण्यावर तरंगत आहे, यावरून या लांकडाची योग्यता दिसून येईल. परंतु योग्यता हीच त्याची वैरीण झाली. मलबारच्या किनाऱ्याजवळचें सागवान झपाट्यानें संपूं लागलें, आणि १८४० नंतरच्या दशकांत तेथील कलेक्टर कॉनोली यांस निलंबूर येथें सागाची मुद्दाम लागवड करावी लागली. १८४७ सालीं मुंबई इलाख्यांत डॉ. गिब्सन या वनस्पतिप्रेमी वैद्यांची जंगलांवर देखरेख करण्यासाठीं नेमणूक झाली. पुढें १८५३ सालीं मुंबई ते ठाणें आगगाडी सुरू झाली, आणि रुळांखालीं घालावयाच्या स्लीपरांसाठीं अरण्यांवर नवी कुऱ्हाड पडली.

याच सुमारास, १८५६ सालीं, डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशांत पेगू प्रांताच्या सागवनांचे अधीक्षक म्हणून आले. त्यांचा जन्म १८२४ सालीं बॉन येथें झाला होता. त्यांची पत्नी रेचेल ही श्रीरामपूरचे प्रसिद्ध मिशनरी जोशुआ मार्शमन यांची कन्या होय. ज्या विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापून काढिलें, त्यांचेच मार्शमन हे सहकारी होते.

पेगूंत ब्रँडिस यांच्यापुढें मोठा प्रश्न उभा राहिला. अरण्य अफाट, वाटा नाहींत, पावसाळा व हिंवताप यांचा जाच. एकूण एक झाड मोजावयास एक जन्म पुरला नसता. त्यांनीं एक साधी युक्ति योजिली. ते हत्तीवर बसून अरण्यांतून ठराविक मार्गानें जात. डाव्या हातांत चार काठ्या व उजव्या हातांत चाकू असे. मार्गाच्या दोन्हीं बाजूंस ठराविक अंतराच्या आंत सागाचें झाड दिसलें, कीं तें जाडीच्या चार वर्गांपैकीं ज्या वर्गांत बसेल त्या वर्गाच्या काठीवर एक खांच पाडीत. संध्याकाळीं खांचा मोजून आंकडे वहींत उतरवीत. चाललेल्या मार्गाची लांबी व पाहिलेल्या पट्ट्याची रुंदी यांवरून किती क्षेत्र पाहिलें हें कळे, आणि त्रैराशिकानें सर्व अरण्यांतील झाडांचा अजमास निघे. भाताचें शीत चांचपून पाहणारी गृहिणी जें करिते, तेंच ब्रँडिस यांनीं अरण्याच्या बाबतींत केलें.

पण त्यांचें खरें मोठेपण मोजणीच्या उपयोगांत आहे. बँकेंत ठेविलेल्या रकमेचें मुद्दल किती व व्याज किती हें वहींत लिहिलेलें असतें. अरण्याचें तसें नाहीं. अरण्यांत उभें असलेलें सर्व लांकूड हें मुद्दल, आणि दरसाल त्यांत होणारी वाढ हें व्याज. परंतु दोहोंचें रूप एकच, आणि दोन्हीं एकाच खोडांत असतात. कुऱ्हाड मारणाऱ्यास आपण व्याज घेत आहों कीं मुद्दल, हें डोळ्यांनीं दिसत नाहीं. मुद्दल खाल्लें जात असतांनाही कित्येक वर्षें अरण्य हिरवेंगारच दिसतें. म्हणून मोजणीवांचून दुसरा मार्ग नाहीं.

ब्रँडिस यांचा नियम उदाहरणानें समजेल. समजा, एका अरण्यांत तोडण्याजोगीं पूर्ण वाढलेलीं ६०० झाडें आहेत. त्यांच्या खालच्या वर्गांत तितकींच ६०० झाडें आहेत, आणि खालच्या वर्गांतील सर्व झाडें वरच्या वर्गांत येण्यास ३० वर्षें लागतात. तर सरासरीनें दरसाल २० झाडें वर चढतील. तेव्हां दरसाल २० पेक्षां अधिक मोठीं झाडें तोडूं नयेत, म्हणजे तीस वर्षांनंतरही मोठ्या झाडांची संख्या कायम राहील. खालच्या वर्गांतील कांहीं झाडें वणव्यानें किंवा रोगानें मरतील, म्हणून प्रत्यक्षांत २० पेक्षां थोडीं कमीच तोडावीं. जर्मनींत कार्लोवित्स नांवाच्या खाणअधिकाऱ्यानें १७१३ सालीं आपल्या ग्रंथांत जितकें उगवेल तितकेंच तोडण्याचें तत्त्व मांडिलें होतें. ब्रँडिस यांनीं त्यास आपल्याकडील अरण्यांत व्यवहाराचें रूप दिलें. १८६४ सालीं ते हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले, आणि वनखात्याचा पाया त्यांनींच घातला.

आज काठ्यांवर खांचा पाडाव्या लागत नाहींत, परंतु तत्त्व तेंच आहे. अरण्याच्या नकाशावर ठराविक अंतरांवर लहान लहान चौकटी आंखतात, आणि तेवढ्याच चौकटींतील झाडें काटेकोरपणें मोजितात. १०० हेक्टर अरण्यांत एक दशांश हेक्टराच्या ५० चौकटी घेतल्या, म्हणजे ५ हेक्टर मोजिले गेले. त्यांत ४०० झाडें आढळलीं, तर सर्व अरण्यांत अदमासें ८,००० झाडें असावींत. मात्र चौकटी मोजणाऱ्याच्या मर्जीनें निवडूं देत नाहींत. कारण मनुष्याचें मन नकळत चांगल्या जागेकडे किंवा सोप्या वाटेकडे ओढ घेतें, आणि अंदाज फसतो. १९८१ सालीं स्थापन झालेली भारतीय वन सर्वेक्षण संस्था कृत्रिम उपग्रहांवरून घेतलेलीं चित्रें व जमिनीवरील मोजणी यांचा मेळ घालून देशाच्या अरण्यांचा अहवाल प्रसिद्ध करीत असते. अरण्याच्या प्रत्येक विभागासाठीं वनखातें कार्य आयोजना तयार करितें. कोणत्या सालीं कोणत्या कुपांत काय तोडावें व काय राखावें हें तींत लिहिलेलें असतें. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, मंजूर झालेल्या आयोजनेवांचून अरण्यांतील झाडांची तोड होतां कामा नये.

या हिशेबांत एक उणीव मात्र आहे, ती सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. लांकडाचें घनफळ काढितां येतें. पण तेंच झाड पावसाचें पाणी जमिनींत मुरवितें, डोंगराची माती धरून ठेवितें, पाखरांस घर व गुरांस सांवली देतें, त्याचा भाव वखारींत लागत नाहीं. मोहाचें झाड लांकूड म्हणून एकदांच विकितां येतें. उभें राहिलें तर वर्षानुवर्षें फुलें व टोळी देतें. ज्यांचें जिणें अरण्यावर अवलंबून आहे त्या लोकांस हें कोणी शिकवावें लागत नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गांवास २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं आपल्या परिसरांतील अरण्यावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून गांवाची ग्रामसभा स्वतः बांबू विकूं लागली. बांबूच्या बेटांतही नियम तोच आहे. चालू सालचा कोंब तोडावयाचा नाहीं, आणि पक्का बांबूही मोजकाच काढावयाचा, म्हणजे बेट जिवंत राहतें व दरसाल उत्पन्न देतें.

पवित्र शास्त्रांत विश्वासू कारभाऱ्याची कल्पना आहे. कारभारी हा धनी नव्हे. धन्याची मालमत्ता त्याच्या हातीं सोंपविलेली असते, आणि एके दिवशीं त्यास हिशेब द्यावयाचा असतो. अरण्याच्या बाबतींत आपण सर्व असेच कारभारी आहों. सागाचें झाड लावणारा बहुधा तें विकीत नाहीं. त्याचा मुलगा किंवा नातू विकतो. तेव्हां ज्यांनीं लाविलें त्यांच्या श्रमांची आणि जे पुढें येणार त्यांच्या हक्काची आठवण ठेवूनच कुऱ्हाड उचलिली पाहिजे.

विद्यार्थ्यांनीं सुटींत एक काम अवश्य करावें. घराजवळचीं किंवा शेताच्या बांधावरचीं झाडें मोजून एका वहींत प्रत्येकाची जात, घेर, उंची व तारीख लिहून ठेवावी, आणि पुढल्या वर्षीं त्याच महिन्यांत, खोडावर केलेल्या त्याच खुणेवर पुन्हां घेर मोजावा. दोन आंकड्यांतील फरक हें त्या झाडाचें एका वर्षाचें व्याज होय. आईबापांसही ही वही दाखवावी. झाड विकण्याचा प्रसंग आलाच, तर ती फार कामास येईल.